वैनगंगेकाठची एक शाळा

दिवाळीच्या सुटीत कोठे जाणार, हा प्रश्न आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत दरवर्षी निघतो आणि उत्तरेही दरवर्षी तीच असतात. कोकण, महाबळेश्वर, गोवा. आणि ज्यांची मुले नुकतीच मिळवती झाली आहेत त्यांचे केरळ. गेल्या वर्षी मी "भंडारा" असे उत्तर दिले तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. मग इतिहासाच्या प्राध्यापकांनी हलक्या आवाजात विचारले, "कुणी आजारी आहे का?"

आजारी कोणी नव्हते. माझी मावसबहीण भंडाऱ्याला असते. लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. परिचारिकांच्या शाळेत शिकवते. दसऱ्याच्या सुमारास तिचा फोन आला, "अरे, माझ्या मुलींना एक तास मराठी शिकवायला ये."

"त्यांना मराठी येत नाही?"

"येतं रे. म्हाताऱ्यांचं येत नाही."

पुण्याहून भंडाऱ्याला जाणे म्हणजे महाराष्ट्र आडवा मोजणे. कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भंडारा रोडला उतरतो. मध्ये ज्वारी संपते, कापूस लागतो, नागपूरच्या पुढे कापूसही मागे पडतो आणि एकाएकी धान सुरू होते. भंडारा रोड हे स्टेशनाचे नाव, गाव वरठी. भंडारा तेथून दहा-बारा किलोमीटर आत. रेल्वेच्या कोशात 'रोड' या शब्दाचा अर्थ 'अजून पोचला नाहीत' असा आहे, हे अनुभवी प्रवाशांना सांगावयास नको.

1999 साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तरी तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याचे नाव कायम आहे. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांचे झाले. मालगुजारी गेल्यावर सरकारदप्तरी ते 'माजी मालगुजारी तलाव' ठरले, आणि लोकांनी त्या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेऊन त्यांना 'मामा तलाव' करून टाकले. सरकारी शब्दाला इतके आपुलकीचे रूप दिलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. मी गेलो तेव्हा हलके धान कापणीला आले होते. बांधीबांधीतून वाकलेल्या पाठी दिसत होत्या. रिक्षातून जाताना ताई म्हणाली, "या पाठी बघून ठेव. रोवणीला वाकतात, कापणीला वाकतात, आणि साठीनंतर आमच्याकडे येतात."

त्या पाठींत तरुण थोड्या होत्या. पोरे नागपूरला, पुण्याला, कुठकुठे गेलेली. धान, विड्या, मोहाडीकडचा कोसा, भंडाऱ्याचे पितळ, या सगळ्या कामांत हात चालविलेली पिढी आता घरोघरी ओट्यावर बसलेली आहे. 2011 च्या शिरगणतीत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक निघाली. महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा. त्यानंतर हा आकडा वाढलाच आहे. केंद्र सरकारने 2010-11 साली वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तेव्हा आरंभी निवडलेल्या शंभर जिल्ह्यांत भंडारा होता. जिल्हा रुग्णालयात म्हाताऱ्यांसाठी दहा खाटांचा वेगळा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस त्यांची तपासणी, आणि डॉक्टर-परिचारिकांना त्यासाठी शिक्षण, अशी ती योजना. खाटा पैसे दिले की येतात. शिक्षणाचे काय, ते मला पुढच्या तीन दिवसांत पाहावयास मिळाले.

शाळेचे नाव सांगत नाही. सांगितलेले ताईला आवडणार नाही. साधी दुमजली इमारत, आवारात कडुनिंब, आणि वर्गात चाळीसेक मुली व चार मुलगे. त्या मुलग्यांना सगळे 'ब्रदर' म्हणतात आणि तेही आता त्यावर लाजत नाहीत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात वृद्धशुश्रूषेचा भाग आहेच. शिवाय भारतीय परिचर्या परिषदेने या विषयाचा एक वर्षाचा खास अभ्यासक्रमही आखलेला आहे. "पण नोकरी सोडून वर्षभर जाणार कोण?" ताई म्हणाली. "म्हणून जे काय करायचं ते मी इथंच करते."

ती काय करते ते सांगतो. मी वर्गात शिरलो तो मागच्या बाकावर बसून ऐकण्यासाठी. ताईने मला सरळ पुढे बोलावले आणि मुलींना म्हणाली, "हे आपले आजचे बाबा. वय वर्षे ब्याऐंशी." माझे वय शेहेचाळीस आहे; मुलींना ब्याऐंशी पटले असावे, कारण कोणी हसले नाही. मग माझ्या डोळ्यांवर एक जुना चष्मा चढला. त्याच्या काचांना व्हॅसलीन फासलेले होते. कानांत कापसाचे बोळे गेले. गुडघ्यांना इलॅस्टिकची पट्टी अशी आवळली की पाय वाकेना. बुटांत मूठमूठ धान ओतले. अन्यत्र यासाठी वाटाण्याचे दाणे किंवा खडे वापरतात म्हणे, भंडाऱ्यात धानच. शेवटी दोन्ही हातांत जाड मोजे घालून माझ्यापुढे एक संमतीपत्र आणि गोळ्यांची पुडी ठेवण्यात आली. पांढरी गोळी सकाळी अर्धी, पिवळी रात्री एक.

वाचकहो, मी गेली वीस वर्षे लोकांना वाचायला शिकवतो. त्या संमतीपत्रातला एक शब्द मला वाचता आला नाही. पांढरी आणि पिवळी गोळी सारखीच दिसत होती. समोर एक मुलगी भराभर काही विचारीत होती; तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी "काय?" म्हटले. तिने तेच मोठ्याने विचारले. मी पुन्हा "काय?" म्हटले. तिसऱ्यांदा ती ओरडली तेव्हा मला रागच आला, आणि "हो हो, आहे" असे काहीतरी बोलून मी सुटका करून घेतली. नंतर कळले की तिने मला 'पेनिसिलिन सोसत नाही असं काही आहे का' असे विचारले होते. सुदैवाने मी 'हो' म्हणालो. 'नाही' म्हणालो असतो तरी त्यात तितकाच अर्थ असता.

"ओरडू नका," ताई मुलींना सांगत होती. "ओरडलं की आवाज बारीक होतो, आणि म्हाताऱ्या कानाला बारीक आवाजच आधी ऐकू येईनासा होतो. समोर या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, सावकाश बोला, एका वेळी एक गोष्ट विचारा. आणि मग थांबा. थांबणं तुम्हाला येत नाही."

हे सगळे मला थोडे नाटकीही वाटले, खोटे कशाला बोलू? वीस वर्षांची पोर बुटांत धान घालून म्हातारी होत नाही. संध्याकाळी खांब तलावाच्या काठी फिरताना मी तसे बोललोही. ताई म्हणाली, "म्हातारी होत नाहीच. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन ती आजीच्या चष्म्याच्या काचा पुसते. मला तेवढं पुरे."

धानापेक्षा माझ्यावर परिणाम झाला तो खाटेचा. मला उताणे निजवून सांगितले, अर्धा तास हलायचे नाही. दहा मिनिटे मजेत गेली. पंधराव्या मिनिटाला माकडहाडाशी कळ सुरू झाली, टाचा जळू लागल्या. विसाव्या मिनिटाला मी कोणाचे लक्ष नाही असे पाहून कूस बदलली. ताईने ते पाहिलेच. "बदलली ना? तुला बदलता आली. ज्याला येत नाही त्याचं काय होतं, ते आता लिहून घ्या."

मग तिने डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यांच्या वॉर्डांत वर्षानुवर्षे पाठीला स्पिरिट चोळायचे, पावडर लावायची, मलमे फासायची, आणि तरी पाठीला जखमा व्हायच्या. या बाईने दोन सहकाऱ्यांबरोबर रुग्णांच्या नोंदी ठेवून अभ्यास केला आणि 1962 साली तो प्रसिद्ध झाला. निष्कर्ष अगदी साधा: मलमांनी विशेष काही होत नाही, दर दोन-तीन तासांनी कूस बदलल्याने होते. जखम मुळात दाबाने होते, आणि दाब हटवला तरच ती टळते. त्याचबरोबर तिने एक मोजपट्टी दिली. प्रकृती, मनाची स्थिती, चालणेफिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, या पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण. एकूण वीस. चौदा किंवा त्याखाली आले की धोका आहे असे समजायचे. जखम दिसण्याआधी ती कोणाला होणार हे सांगणारी ती पहिली मोजणी, आणि ती एका परिचारिकेने केली याचा ताईला केवढा अभिमान! अन्यथा डॉक्टरांच्या गोष्टी ती तुटकपणे सांगते.

दुपारचा तास होता रात्रीच्या बरळण्यावर, आणि तो मला जड गेला.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. चार वर्षांपूर्वी आमचे अण्णा घरातच पडले आणि मांडीचे हाड खुब्याशी मोडले. आम्ही त्यांना आमच्या शहरातल्या एका नावाजलेल्या इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या रात्री अण्णा मला ओळखीनात. पोस्टातला हिशेब जुळत नाही म्हणून उठू पाहत होते, हातातली सुई उपसू पाहत होते. ते पोस्टातून निवृत्त होऊन पंचवीस वर्षे झाली होती. रात्रपाळीच्या बाईंनी त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले आणि मला विचारले, "चालेल ना?" मी "चालेल" म्हटले. वयाचा परिणाम, असे डॉक्टर म्हणाले, मीही घरी तसेच सांगितले. आठव्या दिवशी पाठीला जखम दिसली. चार महिन्यांनी अण्णा गेले. अपुऱ्या झोपेची ती बाई आणि मी, दोघांनाही त्या रात्री काय घडत होते ते माहीत नव्हते.

ताई फळ्यावर लिहीत होती: अचानक आला का? दिवसात चढउतार होतो का? लक्ष टिकते का? विचार विस्कळित आहेत का? म्हातारपणाचा विसरभोळेपणा महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. हा भ्रम रातोरात येतो. आणि तो वयाचा परिणाम नव्हे, तो निरोप असतो. शरीरात कोठेतरी काही बिघडले आहे असा. लघवीत जंतू झाले असतील, पाणी कमी पडले असेल, शौचाला झाले नसेल, वेदना असेल, नवे औषध सोसले नसेल. तरुणाला न्यूमोनिया झाला तर तो तापाने फणफणतो. म्हाताऱ्याला कधीकधी तापही येत नाही, तो फक्त जेवायचे सोडतो किंवा बरळतो. आपल्या आज्या याला 'वात झाला' म्हणत आणि वैद्याला बोलावीत. निदान बोलावीत तरी.

"वार उलटे म्हणायला सांगा," ताई म्हणाली. "ऐतवार, शनिवार, शुक्रवार. शाळेत न गेलेल्या आजीलाही येतात. बाजाराचा वार कुणी विसरत नाही. काल म्हणता येत होते आणि आज येत नाहीत, तर डॉक्टरांना उठवा. रागावले तर रागावू द्या."

मग तिने अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शॅरन इनोये या डॉक्टरबाईंनी केलेला प्रयोग सांगितला. 1999 साली तो छापून आला. सत्तरी ओलांडलेले 852 रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांची नेहमीप्रमाणे शुश्रूषा, निम्म्यांसाठी काही साध्या गोष्टी जास्त. आज वार कोणता, आपण कोठे आहोत ते सांगणे, दिवसातून थोडे चालवणे, पाणी पाजणे, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय आणि पाठीवरून हात. भ्रमाचे प्रमाण शंभरांत पंधरावरून दहाच्या आत आले. यादीतली शेवटची ओळ ताईने मोठ्या अक्षरांत लिहिली: चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ असू द्या.

अण्णांचा चष्मा आणि कानाचे यंत्र मी शस्त्रक्रियेच्या दिवशी काढून माझ्या पिशवीत ठेवले होते. इस्पितळात हरवेल म्हणून. यंत्र महागाचे होते. सहा दिवस ते माझ्या पिशवीत सुरक्षित होते.

मी उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. तास संपल्यावर ताई आली. तिला अण्णांचे सगळे माहीत होते. पिशवीचे माहीत नव्हते. मी सांगितले. ती काही समजुतीचे बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, "उद्या तुझा तास. हे त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी माझा तास झाला. मी पुण्याहून टिपणे नेली होती: आर्जवी क्रियापदे, आदरार्थी बहुवचन वगैरे. ती बॅगेतच राहिली. पिशवीची हकीकत आधी सांगितली. मुली खाली मान घालून लिहीत होत्या. काय लिहीत होत्या कोण जाणे. मग ताईने एक जुना केसपेपर, नाव-गाव झाकून, माझ्या हाती दिला. सत्तरीची बाई. तक्रारीच्या जागी लिहिले होते: 'रुग्ण घाबरलेली आहे.'

"ती काय म्हणाली असेल?" मी विचारले. मागच्या बाकावरची एक मुलगी ताडकन म्हणाली, "जीव घाबरते म्हनाली असंल, सर." ती लाखांदूरकडची होती. लिहून घेणारी परिचारिका बाहेरची होती. तिने ऐकले ते प्रामाणिकपणे प्रमाण मराठीत उतरवले. बाईला धीर दिला गेला. हृदयाचा आलेख दुसऱ्या दिवशी निघाला. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयविकारात छातीत दुखतेच असे नाही, आणि 'जीव घाबरते' याचा अर्थ भीती वाटते असा नव्हे.

तो तास मी शिकवला असे म्हणवत नाही. झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याचा 'र' होतो. 'ण' चा 'न'. तेव्हा 'डोरा' म्हणजे डोळा. गुडघ्याला सगळ्या विदर्भात 'टोंगळा' म्हणतात. वर्गातल्या पुण्या-साताऱ्याकडच्या मुलींना ते ठाऊक नव्हते, आणि इथल्या मुली वॉर्डात शिरल्या की मुद्दाम ते विसरत. गणवेश चढवला की भाषाही इस्त्रीची लागते, असे त्यांना वाटे. मी त्यांना साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या झाडीबोली-मराठी शब्दकोशाविषयी सांगितले. ज्या बोलीचा कोश होतो ती बोली केसपेपरावर लिहायला लाजू नये. तक्रार रुग्णाच्याच शब्दांत अवतरणचिन्हांत लिहायची आणि पुढे आपला अर्थ, असा ठराव त्या तासाला झाला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत अवतरणचिन्हांचा याहून चांगला उपयोग मी कोणाला शिकवलेला नाही.

हाक कशी मारावी यावरही वाद झाला. सरसकट 'आजी', 'बाबा' म्हणणे मुलींना प्रेमळ वाटते. ताईचा त्याला विरोध. एक निवृत्त शिक्षक तीन दिवस कोणाशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी एका ब्रदरने 'गुरुजी' म्हटले तेव्हा पाणी मागितले. आधी विचारा, तुम्हाला काय म्हणू?

एका मुलीने मात्र आम्हा दोघांनाही गप्प केले. "मॅडम, रात्री मी एकटी आणि खाटा तीस. दोन तासांनी कूस कुणाकुणाची बदलू?" प्रश्न खरा आहे, आणि त्याला वर्गात उत्तर नाही, ते मंत्रालयात आहे. ताई एवढेच म्हणाली की खाटेशी मुलगा, सून, नातू बसलेला असतो, त्याला शिकवा. ती स्वतः पुठ्ठ्याचे घड्याळ करून खाटेला टांगते: सहा वाजता डावी कूस, आठला पाठ, दहाला उजवी. सुना ते इमानाने पाळतात. पण तीस खाटांना एक परिचारिका हा हिशेब पुठ्ठ्याने सुटणारा नव्हे, हे तीही जाणते. निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. या विषयावर तिने वर लिहिलेल्या अर्जांच्या प्रती एका जाड फाइलीत आहेत. ती फाइल मी पाहिली.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही कारध्याच्या पुलावर गेलो. खाली वैनगंगा, गोसीखुर्दच्या धरणाने तिचे पाणी इथवर तटून राहिलेले, रुंद आणि जवळजवळ न हलणारे. येताना ताईने मला मुलींच्या शिकण्याच्या वॉर्डात नेले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी बसली होती. जन्मभर विड्या वळलेली. चादरीच्या काठावर तिची बोटे चाललीच होती. आदल्या आठवड्यात ती रात्रभर बरळत होती, चादर ओढीत होती. लघवीतला दोष निघाला, औषध झाले, आता ठीक होती. मुलींनी तिच्यापुढे वर्तमानपत्राचे कात्रलेले चौकोन ठेवले होते आणि ती त्यांच्या सुबक गुंडाळ्या करीत होती. चष्मा दोरीने गळ्यात. शेजारी तीच लाखांदूरची मुलगी.

मी जाऊन उजवीकडे उभा राहिलो आणि नमस्कार केला. आजींनी मान वर केली नाही.

"सर, तिकडून नाही, इकडून या," मुलगी म्हणाली. "त्यांचा डावा कान चालते."

मी खाटेला वळसा घालून डावीकडे आलो, खिडकीकडे तोंड केले आणि सावकाश म्हटले, "आजी, मी पुण्याहून आलो."

आजींनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट पाहून घेतले.

"कोनाचा तू?" त्यांनी विचारले.

मी अण्णांचे नाव सांगितले. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिले, ओळखीचे नाही अशी मान हलवली, आणि हातातली गुंडाळी पुरी करून मला दिली.